फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीनंतर हातात पडणाऱ्या चिठ्ठीवर एक नाव हमखास असते: फॉलिक ॲसिड. आमवाताच्या, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या जुन्या रुग्णांना मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. पूर्व विदर्भात आशाताई घरोघरी जाऊन हत्तीरोगाच्या डीईसी गोळ्या समोर उभे राहून खायला लावतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या मुंबईकरांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन दिले जाते.

चार वेगळे आजार, चार वेगळी औषधे. पण त्यांचा इतिहास शोधत मागे गेले की आपण एकाच ठिकाणी पोहोचतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर या गावी लेडर्ले नावाच्या कंपनीची प्रयोगशाळा होती. पहिली तीन औषधे १९४० च्या दशकात तिथे तयार झाली आणि चौथ्याचे मूळ घराणेही तिथलेच. तेव्हा त्या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते आंध्रातले डॉक्टर होते आणि तारुण्यात एका पोटाच्या आजाराने त्यांचे घर उद्ध्वस्त केले होते.

त्यांच्याविषयीचे संदेश मोबाईलवर अधूनमधून फिरतात. त्यात बहुतेक वेळा त्यांना नोबेल कसे मिळाले नाही याचीच चर्चा असते. मला त्यापेक्षा त्यांनी काय शोधले, ते कसे शोधले आणि आपल्या हातातल्या गोळीशी त्याचा काय संबंध, हे सांगणे जास्त उपयोगाचे वाटते.

आठवड्याभरात दोन भाऊ

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी गोदावरीच्या मुलखातल्या भीमावरम येथे झाला. घरात सात भावंडे, वडील आजारी, पैशाची ओढाताण. तेराव्या वर्षी हा मुलगा घरातून पळाला. काशीला जायचे, यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे असा बेत होता. आईने त्याला परत आणून शाळेत बसवले. वडील १९१३ मध्ये गेले. मॅट्रिकला दोनदा अपयश आले आणि तिसऱ्या प्रयत्नात मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून तो पास झाला. पुढे मन रामकृष्ण मिशनकडे ओढले गेले. संन्यास घ्यायचा होता, पण मिशनला आईची संमती हवी होती आणि आईने ती दिली नाही. मग डॉक्टर होऊन सेवा करावी असे ठरले आणि १९१५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश झाला. शिक्षणाचा खर्च ज्यांनी उचलला, त्यांच्याच मुलीशी १९१९ मध्ये लग्न झाले.

ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घालून जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगल्या जाऊनही त्यांना एमबीबीएस मिळाली नाही, त्याखालची एलएमएस ही पदविका हातात पडली. (आम्हा एमबीबीएसवाल्यांनी हे लक्षात ठेवावे.) या कमी दर्जाच्या कागदामुळे सरकारी वैद्यकीय नोकरीची वाट बंद झाली.

याच काळातली दुसरी घटना जास्त मोठी आहे. त्यांचे दोन भाऊ साधारण आठवड्याभराच्या अंतराने वारले. दोघांनाही एकच आजार होता, ट्रॉपिकल स्प्रू. आपल्याकडे जुनी माणसे अशा आजाराला संग्रहणी म्हणत. पुढे तो स्वतः सुब्बाराव यांनाही झाला. मद्रासचे डॉ. आचंट लक्ष्मीपती हे ॲलोपॅथी शिकून आयुर्वेदाकडे वळलेले वैद्य होते. त्यांच्या उपचारांनी सुब्बाराव बरे झाले आणि नंतर त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

या आजारात काय होते ते थोडे समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. स्प्रूमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात. महिनोन्महिने पातळ, तेलकट, दुर्गंधीयुक्त शौचास होते. जीभ लालभडक होऊन सोलल्यासारखी होते, वजन उतरते आणि रक्त कमी होते. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे तयार होत असते. नव्या पेशी बनायला जी जीवनसत्त्वे लागतात, तीच शोषली जात नाहीत, त्यामुळे अस्तर आणखी बिघडते. रुग्ण जेवतो, पण जेवण अंगी लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी या आजाराचे नेमके औषध कोणाकडेही नव्हते.

बोस्टनमधील निळा रंग

काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीचा आणि सासऱ्यांचा आधार घेऊन सुब्बाराव ऑक्टोबर १९२२ मध्ये बोस्टनला उतरले. हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यासक्रम करायचा होता. खिशात जवळजवळ काही नव्हते. तिथल्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात त्यांनी रात्रपाळीला हमालाचे काम धरले. हे डॉक्टर रुग्णांची मलमूत्राची भांडी धूत होते. गावी मुलगा जन्मला, पण तो वर्षाचाही झाला नाही. बापलेकांची भेट झालीच नाही. दोन-तीन वर्षांत परत येतो असे सांगून गेलेले सुब्बाराव पुढची २६ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, भारतात आले नाहीत. पत्नीचीही पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या कामाविषयी आदर बाळगूनही ही गोष्ट मला सहज ओलांडता येत नाही.

पदविका झाल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची सोपी रीत दोघांनी शोधली आणि १९२५ मध्ये ती छापली. नमुन्यात मॉलिब्डेट आणि आणखी एक रसायन घातले की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. ही फिस्के-सुब्बाराव पद्धत जगभरच्या लॅबमध्ये अनेक दशके वापरली गेली. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा फॉस्फरस आजही मोजतात. पद्धत आता सुधारली असली, तरी मॉलिब्डेट तेच आहे.

स्नायूचा अर्क तपासताना मात्र निळा रंग यायला उशीर होत होता. दुसऱ्या कोणी रसायन जुने झाले असेल म्हणून सोडून दिले असते. या दोघांनी उशीर का होतो याचाच शोध घेतला. फॉस्फरस कशाला तरी सैल बांधलेला होता आणि हळूहळू सुटत होता. तो पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, १९२७ मधला शोध. त्यापाठोपाठ १९२९ मध्ये एटीपी सापडले. शरीरातली प्रत्येक पेशी काम करताना जी ऊर्जा खर्च करते, ती या एटीपीच्या रूपात असते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही एटीपी स्वतंत्रपणे शोधले, त्यामुळे ते फक्त सुब्बाराव यांनी शोधले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण स्नायू आकुंचन पावतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे, हा त्या काळचा नोबेल मिळालेला सिद्धांत या कामामुळे मागे पडला, एवढे नक्की.

तुमच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नावाचा आकडा असतो ना? स्नायूंतल्या क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिनची रोज थोडी मोडतोड होऊन तयार झालेला तो कचरा आहे. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. त्यांचे काम मंदावले की आकडा वाढतो.

सुब्बाराव यांना १९३० मध्ये पीएचडी मिळाली. पण हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. वैज्ञानिक जॉर्ज हिचिंग्ज, ज्यांना पुढे नोबेल मिळाले, त्यांनी नंतर असे मत नोंदवले की सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही पदार्थ प्रसिद्धच होऊ न दिल्यामुळे इतरांना ते वर्षांनंतर पुन्हा शोधावे लागले, आणि याचे कारण त्यांच्या वरिष्ठांचा मत्सर असावा. सुब्बाराव यांनी याबद्दल कधी भांडण मांडले नाही. १९४० मध्ये हार्वर्ड सोडून ते लेडर्लेत गेले.

जिवाणूंना काय लागते?

इथे थोडे आपल्या मुंबईकडे यावे लागेल. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळ्या प्रकारचा पंडुरोग होत होता. त्यात रक्ताच्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या असत, आणि लोह देऊन उपयोग होत नसे. जेवणात भाजीपाला, फळे फार कमी. हाफकिन संस्थेत प्रयोग करताना विल्स यांना आढळले की मार्माइट दिले की या बायका सुधारतात. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा, म्हणजे किण्वाचा, खारट काढा. विल्स यांनी १९३१ मध्ये हे प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये काहीतरी आहे हे कळले. ते काय आहे हे कळायला आणखी १४ वर्षे लागली.

दुसरा धागा बोस्टनचा. तिथल्या मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते की जीवघेण्या पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांना रोज पावशेराहून जास्त काळीज खायला घातले तर ते जगतात. म्हणजे काळजातही काहीतरी होते. हार्वर्डमध्ये असल्यापासून सुब्बाराव यांनी काळजाच्या अर्काचा पिच्छा पुरवला होता.

अडचण ही की काळजात हजारो पदार्थ असतात. त्यातला गुणकारी कोणता हे ओळखायचे कसे? प्रत्येक अंश माकडाला किंवा कोंबडीच्या पिलाला घालून आठवडे वाट पाहायची, तर आयुष्य पुरत नाही. इथे सूक्ष्मजीव मदतीला आले. लॅक्टोबॅसिलस केसाय नावाचा जिवाणू आहे, आपल्या विरजणातल्या जिवाणूंचा भाऊबंद. काही प्रयोगशाळांच्या लक्षात आले होते की साखर, क्षार, ज्ञात जीवनसत्त्वे असे सगळे दिले तरी तो वाढत नाही. त्याला आणखी एक अज्ञात पदार्थ लागतो. मग परीक्षा सोपी झाली. परीक्षानळीत सगळे घालायचे, तो एक पदार्थ वगळून. वर अर्काचा एक थेंब टाकायचा. एक-दोन दिवसांत नळी गढूळ झाली आणि आंबट झाली, तर त्या थेंबात हवा तो पदार्थ आहे. आंबटपणा मोजला की पदार्थ किती आहे तेही कळते.

टेक्सासच्या संशोधकांनी १९४१ मध्ये अशाच जिवाणू-चाचणीने चार टन पालकातून तो पदार्थ थोडासा मिळवला. पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिले. लेडर्लेत सुब्बाराव यांच्या गटाने तो काळजातून काढलाच, शिवाय जिवाणू टाकीत वाढवून त्यांच्या आंबवणातूनही काढला. पुरेसा माल हातात आल्यावर रेणूची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या शोधनिबंधावर १६ जणांची नावे आहेत. प्रमुख सुब्बाराव यांचे नाव सातवे.

हे औषध लगेच क्यूबामध्ये टॉम स्पाइज या डॉक्टरांनी स्प्रूच्या रुग्णांना दिले. काही दिवसांत त्यांची भूक परतली, जिभेची आग थांबली, रक्त वाढू लागले. दोन भाऊ गेले त्याला तेव्हा पाव शतक उलटले होते.

जे हवे होते ते मिळाले नाही

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, सुब्बाराव ज्याच्या मागे होते ते हे नव्हतेच. त्यांना पर्निशस ॲनिमियावरचा काळजातला पदार्थ हवा होता. फॉलिक ॲसिड दिल्यावर त्या रुग्णांचे रक्त सुधारले, पण हातापायांच्या मुंग्या, चालताना तोल जाणे हे वाढतच गेले. काळजातला खरा पदार्थ निराळा निघाला: बी-१२. तो १९४८ मध्ये अमेरिकेत मर्कच्या आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या संशोधकांनी शुद्ध स्वरूपात मिळवला.

हा फरक आपल्या रुग्णांसाठी फार महत्त्वाचा आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले, तर हिमोग्लोबिन छान दिसते आणि आतून नसांचे नुकसान चालू राहते. ते पुढे भरून येईलच असे नाही. शाकाहारी कुटुंबांत, वयस्कर माणसांत आणि अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. म्हणून अशक्तपणा वाटतो म्हणून दुकानातून फॉलिकच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका. आधी रक्त तपासा. आणि हेही सांगतो की बी-१२ ना झाडे बनवू शकतात ना प्राणी, ते फक्त सूक्ष्मजीवच बनवतात. तुमचे इंजेक्शनही टाकीत वाढवलेल्या जिवाणूंकडूनच आलेले असते.

गरोदरपणात मात्र फॉलिक ॲसिड टाळायचे नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंद होते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यामुळे मूल हवे असे ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करणे चांगले. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर डोस बराच मोठा लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते.

खोटी किल्ली

फॉलिक ॲसिड नसेल तर पेशी नवा डीएनए बनवू शकत नाहीत आणि त्यांची वाढ थांबते. मग एखाद्या ठिकाणी वाढ थांबवायचीच असेल तर? बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत होते. त्या काळी ही मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फार्बर यांना वाटले की फॉलिक ॲसिडच्या जातीचे पदार्थ दिल्याने या मुलांचा आजार उलट जोर धरतो. त्यांना आता त्याच्या विरोधी पदार्थ हवा होता.

लेडर्लेत फॉलिक ॲसिडची रचना तोंडपाठ झाली होती. त्यात एक-दोन अणूंची अदलाबदल करून सुब्बाराव यांच्या रसायनतज्ज्ञांनी हुबेहूब दिसणारे नकली रेणू बनवले. कुलपात खोटी किल्ली अडकली की खरी आत जात नाही, तसे हे रेणू पेशीतल्या फॉलिक ॲसिडच्या यंत्रणेत अडकून बसतात. त्यातला अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीपासून मुलांना दिला. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा अनुभव छापला. दहा मुलांत सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, आजार परतला. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो हे पहिल्यांदा दिसले. आज मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. त्या उपचारांत अमिनोप्टेरिनचा सख्खा भाऊ मेथोट्रेक्झेट अजूनही आहे.

आमवात आणि सोरायसिसमध्ये हेच औषध अगदी कमी मात्रेत देतात. रुग्ण विचारतात, कर्करोगाचे औषध मला कशाला? या मात्रेत ते सूज आणणारी प्रतिकारशक्तीची गडबड शांत करते, म्हणून. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने तोंड सोलणे, रक्तपेशी घसरणे आणि मृत्यूही ओढवतो. ठरलेला वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला तो माहीत असू द्या. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड देतात ते शरीरातल्या निरोगी पेशींना आधार म्हणून. ती गोळी नेहमीची जीवनसत्त्वाची समजून बंद करू नका. गरोदरपणात किंवा मूल हवे असताना मेथोट्रेक्झेट चालत नाही. आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी मेथोट्रेक्झेट चालू आहे हे आधी सांगा, कारण को-ट्रायमोक्साझोलसारखी साधी वाटणारी औषधे त्याच्यासोबत धोक्याची ठरतात.

हत्तीरोग आणि सोनेरी बुरशी

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेले हजारो अमेरिकी सैनिक हत्तीरोगाच्या जंतांची लागण घेऊन परतले. लेडर्लेत एका जातीच्या उंदरांमध्ये तसाच जंत वाढवून शेकडो रसायने तपासली गेली. त्यातून १९४७ मध्ये डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे डीईसी, निघाले. हेट्राझान हे त्याचे जुने नाव आपल्याकडच्या वयस्कर डॉक्टरांच्या तोंडी अजून येते.

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोग नवा नाही. गोळ्या वाटायला आल्यावर अनेक जण मला काही झालेले नाही म्हणून त्या बाजूला ठेवतात. जंत शरीरात अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहतात, आणि पाय एकदा सुजून कडक झाला की गोळीने तो पूर्ववत होत नाही. गोळी घेतल्यावर थोडा ताप, डोकेदुखी, चक्कर आली तर बहुतेकदा रक्तातले जंतांचे बारके मरत असल्याचे ते लक्षण असते. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्तींना मात्र ही गोळी देत नाहीत.

शेवटचे काम मातीतले. पहिल्या पावसाच्या मृद्गंधामागे स्ट्रेप्टोमायसिस गटाच्या सूक्ष्मजीवांचा मोठा हात असतो. हे जिवाणूच, पण बुरशीसारखे तंतू काढून वाढतात. बेंजामिन डगर हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडून, लेडर्लेत आले. ठिकठिकाणची माती मागवून त्यातले सूक्ष्मजीव वाढवणे आणि ते रोगजंतूंना मारतात का ते पाहणे, हे त्यांचे काम. मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीतून १९४५ मध्ये एक सोनेरी झाक असलेला जीव मिळाला. त्याने तयार केलेल्या औषधाला ऑरिओमायसिन नाव मिळाले. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे पहिले औषध. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवर ते चालत होते आणि तोंडाने घेता येत होते. जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कला वैज्ञानिकांच्या सभेत ते जाहीर झाले.

डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातले, पुढे दुसऱ्या कंपनीत घडलेले. स्क्रब टायफस आणि लेप्टो या दोन्ही आजारांत ते वेळेवर मिळाले तर जीव वाचवते. लहान मुलांत आणि गरोदरपणात ते डॉक्टरांनी विचार करूनच द्यायचे, एरवीच्या सर्दी-तापाला घ्यायचेच नाही.

ऑरिओमायसिन जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेत हृदयविकाराच्या झटक्याने वारले. वय ५३. पुढे एका बुरशीच्या प्रजातीला त्यांचे नाव दिले गेले. जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

ट्रॉपिकल स्प्रूचा रुग्ण आता पूर्वीइतका दिसत नाही, पण दिसतो. महिन्याहून जास्त काळ जुलाब, सोललेली जीभ आणि घटते वजन असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी. या आजारात लहान आतड्यात जिवाणूंची भलतीच वाढ झालेली असते आणि अस्तराला फॉलिक ॲसिड मिळत नसते. त्यामुळे उपचाराला दोन औषधे लागतात, टेट्रासायक्लिन गटातले एक प्रतिजैविक आणि फॉलिक ॲसिड, आणि ती साधारण तीन ते सहा महिने चालतात.